काळजीची वही

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी कोरी डायरी. डायरी ताईनं दिली. निघताना माझ्या बॅगेत कोंबली आणि म्हणाली, तुझ्या डोक्यात चोवीस तास जे दळण चालू असतं ते रोज चार ओळींत इथं उतरव आणि पान उलट. मागचं वाचायचं नाही, ही तिची अट. वाचलंस की त्याचीच पुन्हा काळजी करत बसशील, म्हणे. थोरली बहीण आहे, ओळखून आहे मला. कुलूप लावून चार पायऱ्या उतरले की मी परत वर जाऊन ते ओढून बघते. भिंगरीचे बाबा होते तेव्हा म्हणायचे, हिला काही काळजी नसली तर त्याचीच हिला काळजी लागते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता थट्टा करायला भिंगरीच उरली आहे.

भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आल्या आल्या तिनं खिडकीजवळचा पलंग आपला म्हणून जाहीर केला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्याकडून पेन्सिलीनं उंचीची रेघ मारून घेतली. घरमालकानं पाहिलं तर काय म्हणेल, ही माझी नव्या घरातली पहिली काळजी. शाळा ऑफिसच्या मागच्याच गल्लीत आहे. हिरवं फाटक, चालत सात मिनिटं. दोनदा जाऊन येऊन मोजली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ऑफिस पाणीपुरवठ्याचं. गावाच्या पोटात जेवढे म्हणून नळ गेलेत त्यांचे जुने कापडी नकाशे एका लांबलचक खोलीत गुंडाळून ठेवलेत. चारशे बारा नकाशे. ते सगळे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्यायचा. ११ मार्चला मोठ्या साहेबांसमोर चाचणी, २४ मार्चला गावाचं पाणी नव्या यंत्रणेवर. एक व्हॉल्व्ह चुकला तर कुठल्या तरी भागाचे नळ कोरडे. आणि या सगळ्याची प्रमुख कोण, तर अस्मादिक! ज्या बाईला गॅसच्या बटणाचा भरवसा वाटत नाही, तिच्या हातात गावाचं पाणी.

आम्ही चौघं आहोत. एक मी. दुसरा ड्राफ्ट्समन. जुन्या नकाशावरून स्वच्छ नकाशा काढायचं काम त्याचं. त्याला सगळे रेघोट्या म्हणतात आणि तोही ओ देतो. हात सुरेख, पण एका रेघेला अर्धा तास. कानामागे कायम पेन्सिल आणि स्वतःशीच गाणं. तिसरे फिटरमामा. ते रस्त्यावर जाऊन झाकणं उघडून व्हॉल्व्ह खरंच तिथं आहे का बघून येतात आणि येताना गावभरच्या बातम्या आणतात. चौथे रेकॉर्डवाले काका. तीस वर्षं याच खोलीत काढलीत. इतका शांत माणूस मी जन्मात पाहिला नाही. आवाज चढत नाही, कपाळाला आठी नाही. मला मागे-पुढे कोणी नाही मॅडम, असं हसत सांगितलं. संध्याकाळी निघताना कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी बिस्किटांचे दोन पुडे घेतले. एकट्या माणसाला दोन कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, सवय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिल्याच आठवड्यात माझं पितळ उघडं पडलं. दुपारी सतरा नकाशांचा गठ्ठा सापडेना. मी दोन कपाटं उपसली आणि खुर्चीत बसले ती उठताच येईना. गठ्ठा रेघोट्याच्या टेबलाखाली निघाला, पण तोवर माझा तमाशा सगळ्यांनी बघितला होता.

काकांनी पाणी दिलं आणि कपाटातून एक जाड, काळ्या पाठीची वही आणली. ही आपल्या खोलीची काळजीची वही, म्हणाले. काम चालू असताना एकदम काळजी दाटून आली की ती इथं लिहायची, खाली सही करायची, वही मिटायची आणि कामाला लागायचं. शुक्रवारी चार वाजता चहा घेताना सगळ्यांनी आठवडाभराच्या काळज्या वाचायच्या. निम्म्या तोवर मिटलेल्या असतात, उरलेल्यांवर हसायचं. किती वर्षांपासून हे चाललंय ते त्यांनाही माहीत नाही. मला कल्पना फार आवडली. डोक्यातलं कुठं तरी ठेवायला जागा हवीच की माणसाला.

पहिल्या पानावर कोण्या जुन्या माणसाच्या अक्षरात तीन नियम आहेत. फक्त कामाच्या काळज्या लिहाव्या. लिहिली की ती आपली राहिली नाही. परत हवी असल्यास ओळ खोडून काळजी परत घ्यावी. तिसऱ्या नियमावर मामा म्हणाले, गेलेली काळजी परत मागणारा माणूस अजून जन्माला यायचाय. खूप हसलो सगळे.

भिंगरीला सांगितलं तर तिला पण तसली वही हवी. तिची काळजी काय, तर पुढचा दात पडल्यावर शिट्टी वाजेल की नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एकशे सतरा नंबरच्या नकाशानं जीव खाल्ला. त्यावर साठ खाटांच्या दवाखान्यामागं लाल वर्तुळात एक व्हॉल्व्ह दाखवलाय. मामा दोनदा जाऊन आले, झाकण सापडत नाही, डांबराखाली गेलं असणार. तो अर्धवट बंद असला आणि नव्या यंत्रणेनं दाब बदलला तर दवाखान्याचं पाणी तुटणार. मामा स्वतःच धास्तावलेत, त्यांची सून कालच तिथं बाळंतपणासाठी दाखल झालीय. मला तर डोळ्यांसमोर कोरडे नळ आणि रांगेनं खाटा दिसायला लागल्या. काकांनी वही पुढं सरकवली.

लिहिलं: नकाशा ११७. व्हॉल्व्ह. दवाखाना. सही केली.

आणि काय सांगू, छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेला असं वाटलं. नुसतं हलकं नाही, रिकामं. भिंगरी म्हणाली, आई, तू आज जिन्यावरून परत वर नाही गेलीस कुलूप बघायला. खरंच की.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चारच्या चहाला काकांनी वही वाचली. माझी ओळ आली तेव्हा मीच चक्रावले. एकशे सतरा काढून पाहिला तर पूर्वेकडं नुसतं मोकळं मैदान. लाल वर्तुळ नाही की काही नाही. मामा म्हणाले, त्या बाजूला कधी दवाखाना नव्हताच. अक्षर माझं, सही माझी. बहुतेक झोपेत लिहिलं असणार. काकांनी ओळीपुढं 'मिटली' असं लिहिलं. जीव भांड्यात पडला. मामा आज मस्त शीळ घालत होते.

ताईचा फोन आला. भिंगरीनं तो हिसकावून घेतला आणि दाताची कथा पहिल्यापासून सांगितली. मला दोनच मिनिटं मिळाली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

रेघोट्याशी कडाक्याचं वाजलं. अजून नव्वद नकाशे त्याच्याकडं अडकलेत आणि हा बाबा एका कोपऱ्यातली रेघ तीनदा खोडून काढतो. मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला की, चुकीची रेघ लवकर काढण्यापेक्षा बरोबर रेघ उशिरा बरी, आणि पेन्सिल कानामागं ठेवून गाणं म्हणत बसला. बरोबरच होतं त्याचं. पण साहेबांचे दिवसाला चार फोन येतात ते मला! चाचणीला तेरा दिवस राहिलेत. ही नोकरी गेली तर घर गेलं, भिंगरीची शाळा गेली, पुन्हा ताईच्या दारात बॅगा घेऊन उभं राहायचं. हे सगळं एका क्षणात डोक्यात गरागरा फिरलं.

वहीत लिहिलं: रेघोट्या. वेळेत पुरं करणार नाही. सही. लगेच बरं वाटलं. उद्या त्याला सॉरी म्हणायला हवं. माणूस वाईट नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आम्ही तिघांनी चहा घेतला. काकांनी चार कप मांडले होते. मोजायला चुकलो, म्हणाले.

वहीत माझ्या अक्षरात रेघोट्या म्हणून कोणी निघाला. काकांना ठाऊक नाही, मामांना ठाऊक नाही, मला तर नाहीच. मामा म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतःलाच टोपणनाव ठेवलं असेल. शक्य आहे, नकाशे मीच तर काढतेय सगळे. अंगठ्याला पेनाचा घट्टा पडलाय. पण काम झपाट्यानं उरकतंय. खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर एक पेन्सिल मिळाली, छान टोक केलेली. ती मी वापरायला घेतली.

गंमत म्हणजे आता काळजी वाटेनाशी झालीय. म्हणजे वाटायला लागली की हात आपोआप वहीकडं जातो. ताईला फोनवर सांगितलं, मी सुधारले. तिचा विश्वास बसला नाही.

मंगळवार, ११ मार्च
सकाळी साडेआठ

आज चाचणी, आणि आजच भिंगरीला ताप. एकशे एक. सुट्टी घेण्याचा प्रश्नच नाही, साहेब अकराला येतात. शेजारी कोणी ओळखीचं नाही. आठ वाजता तापाचं औषध दिलं आणि शाळेत सोडलं. चुकतंय, कळतंय मला. ती कुरकुरली नाही. हात घट्ट धरून चालत होती, हेच जास्त लागलं. फाटकाशी सांगितलं, दुपारी दोनचा डोस मी स्वतः येऊन देईन, बाटली माझ्या पर्समध्ये आहे. ती म्हणाली, "विसरू नकोस हं." मी म्हटलं, "मी कधी काही विसरते का?"

साडेअकरा

शाळेतून फोन. ताप वाढलाय, बाई म्हणाल्या घेऊन जा, फाटकाशी बाकावर बसवलंय. साहेब आत आहेत, पडद्यावर निम्मे नकाशे झालेत, मी मध्येच उठून संडासात आलेय आणि इथं उभी राहून लिहितेय. पोटात असा गोळा आलाय की सरळ उभं राहवेना. सात मिनिटांचा रस्ता आहे. फक्त सात मिनिटांचा. पण आत्ता गेले तर सगळं गेलं. असल्या अवस्थेत आत जाऊन बोलता पण येणार नाही. फक्त अर्धा तास डोकं शांत हवं. घरचं लिहायचं नाही, नियम आहे, माहीत आहे. अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. मग पळत जाते.

काकांच्या टेबलावरून वही घेतली. लिहिलं: भिंगरी. शाळेच्या फाटकाशी. एकटी.

सही केली.

संध्याकाळी सहा

चाचणी झकास झाली! साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, इतक्या शांत डोक्यानं काम करणारं माणूस त्यांनी पाहिलं नाही. मी! ताईला सांगायला हवं. येताना गल्लीतून रमतगमत आले, काही घाई नव्हती. गॅलरीतल्या दोरीवर दोन इवलेसे मोजे दिसले, वरच्या मजल्यावरून पडले असतील. कठड्यावर ठेवले, ज्यांचे असतील ते नेतील. घर कसं शांत आहे.

गुरुवार, १३ मार्च

ताईचा फोन. लवकर ठेवला, बोलायला फारसं काही नव्हतं. एकटीनं राहतेस, वेळेवर खात जा, म्हणाली. खिडकीजवळच्या पलंगावर ऑफिसच्या फायली ठेवल्यात. दोन पलंगांचं घर मी कशाला घेतलं कुणास ठाऊक.

शुक्रवार, १४ मार्च

चारचा चहा. काकांनी वाचलं: भिंगरी. शाळेच्या फाटकाशी. एकटी. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, हे काय मॅडम, असं विचारलं. मामा म्हणाले, एखाद्या पंपाचं नाव असेल. मी पण हसले.

घरी आले तरी ते शब्द जाईनात. काळजी नव्हती, नुसते शब्द. डायरी उघडली आणि पहिल्यांदाच ताईची अट मोडली. मागं गेले.

सगळं वाचलं. पहिल्या पानापासून.

माझ्या अक्षरात एक मुलगी आहे. सात वर्षांची. तिचा दात हलतोय. ती या घरात राहते.

मला मुलगी नाही.

शनिवार, १५ मार्च

फायली उचलल्या. पलंगामागं भिंतीवर पेन्सिलीची रेघ आहे. माझ्या कमरेच्या जरा वर.

ताईला फोन केला. विचारलं, मला मूल आहे का? ती मग अगदी हळू आवाजात, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाली, तुला मूल व्हावं म्हणून आपण किती केलं, आता ते काढू नकोस बाई. मी फोन ठेवला. डायरीत लिहिलंय की, ताईच्या हातून तिनं फोन हिसकावला. नाही — माझ्या हातून. ताईला दाताची कथा सांगितली. मला दोनच मिनिटं मिळाली, असं लिहिलंय.

एकशे सतराच्या जागी जाऊन आले. मोकळं मैदान. साठ खाटा लिहिल्या होत्या मी. साठ.

मोजे कठड्यावर अजून तसेच आहेत.

सोमवार, १७ मार्च

मामांना विचारलं, सुनेचं कसं आहे. म्हणाले, कसली सून? पोरगं अजून बिनलग्नाचं आहे. आणि शीळ घालत गेले.

शाळेत गेले. हिरवं फाटक, शेजारी बाक. हजेरीपटात तसं नाव नाही. बाईंनी ओळखलं नाही. बाकावर बसून राहिले. सात मिनिटं फक्त. दोनदा मोजली होती मी.

रेघोट्याची पेन्सिल माझ्या हातात आहे. टोक झिजलंय. त्याला सॉरी म्हणायचं राहिलं.

मंगळवार, १८ मार्च

तिसरा नियम. ओळ खोडली. एकदा, दोनदा, कागद फाटेस्तोवर.

काही नाही. फाटकाशी बाक रिकामा.

कळलं मला. काळजी परत घ्यावी, असं लिहिलंय. मला भीती वाटतेय, पण ती माझ्या स्वतःबद्दल. तिची काळजी कुठं वाटतेय? चेहराच नाही डोळ्यांपुढं. कशी आणू —

वहीतच 'वही' असं लिहून टाकावं वाटलं. हात पुढं केला. मग आत जे अडकलेत ते सगळेच — नाही. नको.

बुधवार, १९ मार्च

वहीची जुनी पानं चाळली. काकांचं अक्षर. वीस वर्षांपूर्वीचं.

मोठीची परीक्षा. सही.
धाकट्याचा दमा. सही.
हिचं ऑपरेशन. सही.

बिस्किटांचे दोन पुडे.

राहवलं नाही. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाले, अक्षर माझंच, पण हा धाकटा कोण? हसले. मग मी सगळं सांगितलं. दवाखाना, रेघोट्या, भिंगरी. त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्या तीन ओळींवरून बोट फिरवत बसले. मला वाटलं, येतंय काहीतरी परत.

मग त्यांनी पान मिटलं आणि माझ्याकडं बघितलं. कपाळाला आठी. पहिल्यांदाच पाहिली.

म्हणाले, तुम्ही झोपत नाही मॅडम. घरी जा.

गुरुवार, २० मार्च

सकाळपासून डायरी वाचतेय. पाठ झाली. डोळे मिटून म्हणते — हात घट्ट धरून चालत होती — काही नाही —

टेबलावर डोकं ठेवून होते. काका दोनदा येऊन बघून गेले.

पर्स उलटी केली. रुमाल, किल्ल्या, औषधाची बाटली. तापाचं. झाकण चिकट आहे. बाटलीवर गुलाबी ओघळ. मी काय करतेय तिचं —

घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा.

दोनचा डोस.

देवा, दोनचा डोस चुकला. विसरू नकोस हं, म्हणाली होती. नऊ दिवस. आठ वाजता दिलं ते शेवटचं. ताप चढला असेल. पाणी मागितलं असेल का कुणाकडं? ती मागत नाही. परक्यांशी बोलत नाही ती, दात दिसू नये म्हणून ओठ मिटून — दात! पुढचा, डावीकडचा! मला दिसतोय! नाकावर तीळ. कपाळावर कापलेले केस. माझी भिंगरी. पोटात गोळा आलाय, पिळवटतंय सगळं. येऊ दे. येऊ दे, माझं आहे ते —

वहीत बघितलं. ओळ नाही, फाटल्याची खूणही नाही. कागद कोरा.

फोन वाजतोय.

शाळेचा. बाई वैतागल्यात. केव्हा येताय, मुलगी कधीपासून फाटकाशी बसलीय, अंग भाजतंय तिचं, आई येते म्हणाली म्हणून उठायला तयार नाही. मागून तिचा आवाज आला. ऐकला मी. आवाज ऐकला!

निघाले. रस्त्यात विसरू नये म्हणून लिहून ठेवते. भिंगरी. माझी मुलगी. सात वर्षं. हिरवं फाटक. सात मिनिटं. औषध घेतलं. 

काका दारात आहेत. वाट सोडत नाहीत. डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या. म्हणतात, "तीस वर्षांत कधी कोणाची वाटली नाही. तुमची फार काळजी वाटते हो, मॅडम."

वही घेतली त्यांनी. पेनाचं टोपण काढतायत.

काका नको. लिहू नका. ती एकटी आहे, मी गेले तर तिला न्यायला कोणी — काका, बरी आहे मी — नाव नका — तिला सांगा आई निघाली होती, सात मिनिटं फक्त, फाटकाशी माझी भिंग